आयर्लंड बससहल, दिवस आठवा: गॉलवे ते डब्लिन, शॅननच्या काठाने

आयर्लंडच्या बससहलीचा शेवटचा दिवस कार्यक्रमपत्रिकेत बहुधा एका ओळीत उरकलेला असतो: नाश्ता, डब्लिनकडे प्रयाण, खरेदी, निरोपाचं जेवण. आधीच्या सात दिवसांत समुद्रकडे, किल्ले, मेंढ्यांनी भरलेले डोंगरउतार पाहून झालेले असतात. गॉलवे सोडलं की पुढचा सपाट मुलूख झोपेत काढायचा, असाच सगळ्यांचा बेत असतो. आमचा आग्रह याच्या उलट आहे. पश्चिम किनारा डोळ्यांत भरतो हे खरं, पण हा देश घडला कसा हे कळतं ते या मधल्या ओलसर, काळ्या मातीच्या पट्ट्यात. तो पाहायला सकाळी दोन-अडीच तास आणि दुपारी दोन तास पुरतात. ते तास आधीच राखून ठेवले नाहीत तर मात्र मिळत नाहीत, कारण या दिवशी घड्याळ प्रवाशांच्या हातात नसतं. ते ड्रायव्हरच्या नियमांशी आणि डब्लिनच्या वाहतुकीशी बांधलेलं असतं.

वाट कोणती

गॉलवे ते डब्लिन एम ६ आणि एम ४ या मोटरवेंनी साधारण २०८ किलोमीटर. कोचला, म्हणजे सहलीच्या बसला, मोटरवेवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, त्यामुळे थेट गेलं तर अडीच तासांत शहराची हद्द येते. आम्ही सुचवतो ती वाट अशी: बॅलिनस्लोपर्यंत एम ६, तिथून आर ३५७ ने शॅननब्रिज, मग आर ४४४ ने क्लॉनमॅकनॉइजचा प्राचीन मठ, पुढे बॅलिनाहाउनजवळ एन ६२ ला लागून अ‍ॅथलोन, आणि तिथे पुन्हा एम ६. अंतर जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरनी वाढतं. वेळ मात्र चाळीसेक मिनिटांनी वाढतो, कारण साध्या रस्त्यांवर कोचची मर्यादा ८० आहे आणि आर ४४४ वर तोही वेग गाठता येत नाही.

आयर्लंडमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, बसचा दरवाजा डावीकडेच असतो. त्यामुळे रस्ता ओलांडताना युरोपच्या मुख्य भूमीवर होतो तो गोंधळ इथे होत नाही. या दिवशी डावीकडच्या खिडक्या मागून घ्या. शॅननब्रिज ते क्लॉनमॅकनॉइज शॅनन नदी डाव्या हाताला राहते, आणि दुपारी पूर्वेकडे जाताना ऊन उजवीकडून येतं. रोज आसनं बदलण्याची पद्धत असेल, तर आदल्या दिवशी उजवीकडे बसलेल्यांना आज डावीकडची पाळी मिळेल असा क्रम सहलप्रमुखाने पहिल्या दिवसापासूनच लावावा.

सकाळ: बॅगा, खोली आणि आठची वेळ

बॅगा पावणेसात ते सातच्या दरम्यान खोलीबाहेर ठेवायच्या. नाश्त्याला जाण्याआधी खोलीवरून शेवटची नजर फिरवताना चार जागा बघाव्यात. एक तिजोरी. दुसरा छोटा फ्रिज, कारण इन्सुलिन किंवा डोळ्यांचे थेंब तिथेच राहतात. तिसरी न्हाणीतली दारामागची खुंटी, आणि चौथं भिंतीतलं सॉकेट. आयर्लंडला ब्रिटनसारखी तीन चौकोनी पिनांची प्लग लागते, म्हणून सगळ्यांनी अ‍ॅडॅप्टर आणलेला असतो. सर्वाधिक विसरली जाणारी वस्तूही तीच, कारण चार्जर उपसून घेतला तरी अ‍ॅडॅप्टर भिंतीतच राहतो.

पासपोर्ट मोठ्या बॅगेत जाता कामा नये. बॅगा एकदा बसच्या पोटात गेल्या की डब्लिनपर्यंत त्या काढायच्या नाहीत, हा नियम सहलप्रमुखाने आदल्या रात्रीच सांगून ठेवावा. ड्रायव्हर जड बॅगा खाली आणि वजन दोन्ही बाजूंना सारखं येईल अशा लावतो. मधली एक ओढून काढायची तर वीस बॅगा फुटपाथवर येतात.

निघायला आठची वेळ उत्तम, पण ती ठरवण्याआधी आदल्या रात्री बस किती वाजता थांबली ते पाहावं लागतं. युरोपीय नियमांनुसार ड्रायव्हरला रोज सलग ११ तासांची विश्रांती हवी. ती ९ तासांवर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये फक्त तीन वेळा. आठ दिवसांच्या सहलीत शेवटच्या दिवसापर्यंत या तिन्ही सवलती संपलेल्या असू शकतात. मग मोहरच्या समुद्रकड्यांवरून गॉलवेत यायला रात्रीचे साडेनऊ झाले असतील, तर सकाळी साडेआठच्या आधी गाडी हलवता येत नाही. टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवत असतं. तपासणीत दंड होतो, परवान्यावर गदा येते. ‘दहा मिनिटांचंच तर आहे’ असं म्हणून ड्रायव्हरला भरीस घालू नये. आदल्या संध्याकाळी वेळेवर परतणं हाच यावरचा उपाय.

सकाळच्या गर्दीत गॉलवेचे गोल चौक तुंबतात. शहराबाहेर जाणाऱ्या बाजूला गर्दी कमी असते, तरी सव्वाआठनंतर मोटरवेला लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जादा धरावीत.

गडग्यांचा प्रदेश संपतो तिथे

गॉलवेच्या पूर्वेला बराच वेळ शेतांच्या कडेला राखाडी चुनखडीच्या दगडांचे बांध दिसत राहतात. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. आपल्या कोकणातला गडगाच. जमीन कसायची तर आधी दगड वेचायचे, आणि वेचलेले दगड ठेवायला कडेचा बांध, असा त्यांचा जन्म. बॅलिनस्लो जवळ येतं तसे ते विरळ होतात आणि त्यांच्या जागी हॉथॉर्नच्या झुडपांच्या काटेरी वया, म्हणजे कुंपणं, दिसू लागतात. खालची माती खोल झाल्याची ही खूण. मे महिन्यात या वया पांढऱ्या फुलांनी भरून जातात. बसची काच उघडत नाही, तेव्हा फोटो घेताना कॅमेरा किंवा फोन काचेला टेकवूनच धरावा, म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही.

बॅलिनस्लोला मोटरवे सोडला की रस्ता अरुंद होतो आणि थोड्याच वेळात गाडी डोलू लागते. हा ड्रायव्हरचा दोष नाही. रस्त्याखाली पीट आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, आणि ज्या भूमीत तो साठतो तिला इथे बॉग म्हणतात. ओलं पीट स्पंजासारखं असतं. वरचं वजन आणि खालचं पाणी कमीजास्त झालं की ते असमान खचतं आणि डांबराला लाटा येतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी या टप्प्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी आणि पुढच्या चाकांच्या मागच्या दोन-तीन रांगांत बसावं. मागच्या चाकांमागे बसच्या शेपटाचे हेलकावे सर्वांत जास्त लागतात.

शॅननब्रिजचा सोळा कमानींचा दगडी पूल अठराव्या शतकातला आहे. पश्चिम टोकाला नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीने बांधलेली तटबंदी उभी आहे, रस्ता तिच्यातूनच जातो. कोचला इथे सावकाश जावं लागतं, त्यामुळे शॅनन नीट दिसते. सुमारे ३६० किलोमीटर लांबीची ही आयर्लंडमधली सर्वांत लांब नदी. उतार इतका कमी की पाणी वाहतंय की थांबलंय ते कळू नये. हिवाळ्यात ती काठची कुरणं व्यापून पसरते. ही पुराची कुरणं, स्थानिक भाषेत ‘कॅलोज’, उन्हाळ्यात गवत कापायला आणि गुरं चारायला वापरतात.

पुलानंतर उजव्या हाताला मैलोन्‌मैल तपकिरी, सपाट, उघडी जमीन लागते. ही यंत्राने खरवडलेली बॉग. इथलं पीट शॅननब्रिजच्या वीजकेंद्रात जळत असे. ते केंद्र डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं आणि पाठोपाठ बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवलं. पीट वर्षाला साधारण एक मिलीमीटर वाढतं. मीटरभर थर साठायला हजार वर्षं लागतात, यंत्र तो काही वर्षांत उतरवतं. आता चर बुजवून पुन्हा पाणी साठवण्याचं काम चालू आहे, कारण ओली बॉग कार्बन धरून ठेवते आणि कोरडी पडलेली तो हवेत सोडत राहते. यंत्र न लागलेली बॉग कशी असते ते क्लॉनमॅकनॉइजजवळच्या मोंगन बॉगमध्ये दिसतं: फुगीर पाठीची, शेवाळाच्या लाल-हिरव्या गाद्यांनी झाकलेली. बसमधून तिची फक्त कडा दिसते, तेवढी तरी चुकवू नका.

क्लॉनमॅकनॉइज: दोन तास, त्यात एक मिनिट कमी नको

हा मठ इथेच का, याचं उत्तर जमिनीत आहे. हिमयुग संपताना बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने वाळू आणि गोट्यांचे लांबलचक बांध मागे सोडले. आयरिश भाषेत अशा बांधाला ‘एस्किर’ म्हणतात, आणि जगभरचे भूशास्त्रज्ञ त्यावरूनच आलेला ‘एस्कर’ हा शब्द वापरतात. डब्लिनच्या बाजूकडून गॉलवेकडे जाणारी अशी एक रांग बॉगच्या वर उंच आणि कोरडी राहत असे. म्हणून देश आडवा ओलांडायचा महामार्ग तिच्यावरूनच गेला. त्या रस्त्याने शॅनन जिथे गाठली, तिथे सहाव्या शतकाच्या मध्यात संत कीरनने मठ उभारला. जमिनीची वाट पूर्व-पश्चिम, पाण्याची वाट उत्तर-दक्षिण. कीरन स्थापनेनंतर काही महिन्यांतच साथीत गेला, तरी मठ हजार वर्षं टिकला तो या जागेच्या जोरावर. नदीच्या तळाशी सापडलेल्या ओकच्या खांबांवरून इथे इसवी सन ८०४ च्या सुमारास लाकडी पूल होता हे सिद्ध झालं आहे. लाकडाच्या वार्षिक वलयांवरून ही तारीख काढली गेली.

जून ते ऑगस्टमध्ये जागा सकाळी नऊला उघडते, इतर बहुतेक महिन्यांत दहाला. म्हणून वसंतात किंवा शरदात गॉलवेहून साडेआठला निघणं बरं, नाहीतर बंद फाटकाशी वाऱ्यात उभं राहावं लागतं. गटाची नोंदणी आधी करावी लागते. तिकीट माणशी आठ युरोच्या आसपास, गटाला आणि ज्येष्ठांना कमी. पुढचं स्वच्छतागृह अ‍ॅथलोनमध्येच, आणि बसमधलं अगदी निकडीसाठीच असतं. चाळीस माणसांना इथल्या स्वच्छतागृहाच्या रांगेत वीस मिनिटं जातात. ती दोन तासांच्या शेवटी नको, सुरुवातीलाच अर्ध्या गटाने उरकावीत. तोवर उरलेल्यांनी माहितीपट पाहावा. तो साधारण वीस मिनिटांचाच आहे.

पाऊस नसेल तर आधी बाहेर जा. आतले मूळ दगडी क्रूस कुठे पळत नाहीत, ऊन मात्र पळतं. बाहेर उभे आहेत त्या प्रतिकृती. दगड झिजू लागल्याने मूळ तीन शिल्पं आत हलवली आहेत. मोठा ‘धर्मग्रंथांचा क्रूस’ एकाच वालुकाश्मातून कोरलेला, सुमारे चार मीटर उंच, इसवी सन ९०० च्या आसपासचा. त्यावरच्या झिजलेल्या लेखात राजा फ्लान आणि मठाधिपती कोलमन यांच्यासाठी प्रार्थना मागितली आहे. शेजारचं मुख्य देऊळ याच दोघांनी ९०९ मध्ये बांधलं. पूर्वेच्या अंगाला अंतिम न्यायाचं दृश्य आहे, पश्चिमेच्या अंगाला क्रुसावरचा येशू. पूर्वेच्या बाजूला अगदी खाली दोन माणसं एक खांब रोवताना दिसतात. मठाच्या स्थापनेचं हे चित्र असावं, असं मानलं जातं. सकाळी पूर्वेचं अंग उजळलेलं असतं, तेव्हा बाहेर ते आधी पाहावं. कोरीव काम तिरप्या उजेडातच वाचता येतं. आत मूळ क्रुसाभोवती फिरताना दिवे तसेच लावलेले आहेत, म्हणून चारही बाजूंनी एकेक मिनिट थांबा.

मुख्य देवळाच्या उत्तर दाराची कोरीव कमान पंधराव्या शतकातली. तिच्या एका बाजूच्या खोबणीत तोंड घालून कुजबुजलं की दुसऱ्या बाजूला कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. महारोग्यांना पुजाऱ्याजवळ न जाता पापकबुली देता यावी म्हणून ती वापरली जात असे, अशी परंपरागत समजूत आहे. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी: माणसं खोबणीऐवजी कमानीच्या मधोमध बोलतात, किंवा बाकीचे पस्तीस जण भोवती गप्पा मारत असतात. दोघा-दोघांनी जावं.

ओ’रूर्कचा गोल मनोरा ११२४ मध्ये पूर्ण झाला आणि ११३५ मध्ये विजेने त्याचं टोक पाडलं. दार माणसाच्या डोक्याहून उंच आहे, शिडीशिवाय आत जाता येत नसे. आयरिशमध्ये अशा मनोऱ्याला ‘घंटाघर’ अशा अर्थाचा शब्द आहे, त्यावरून त्याचा रोजचा उपयोग कळतो. सर्वांत लहान वास्तू संत कीरनच्या थडग्यावरची मानतात. तिच्या भिंती वेड्यावाकड्या कलल्या आहेत. आसपासचे शेतकरी पिकाला राखण म्हणून तिथली मूठभर माती शेताच्या कोपऱ्यात नेऊन टाकत, इतकी की आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली गेली. आपल्याकडे देवस्थानचा अंगारा नेतात, त्याच श्रद्धेतली ही माती.

एवढ्या मोठ्या मठाची घरं कुठे गेली, हा प्रश्न सगळे विचारतात. घरं लाकूड, कुड आणि मातीची होती, ती गेली. दगडाची होती तीच उरली. आणि लूट अनेकदा झाली, व्हायकिंगांनी केली तशी आयरिश राजांनीही केली. शेवटचा घाव १५५२ मध्ये अ‍ॅथलोनच्या इंग्रज शिबंदीने घातला. घंटा, मूर्ती, पुस्तक, खिडकीची काचसुद्धा ठेवली नाही, असं आयरिश बखरींत लिहून ठेवलं आहे. त्याआधी बाहेर पडलेली एक पोथी मात्र वाचली: सुमारे ११०० साली इथे लिहिलेलं ‘तपकिरी गाईचं पुस्तक’, आयरिश भाषेतली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी साहित्याची पोथी. ती डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे.

जमीन उंचसखल आहे, गवत बहुतेक वेळा ओलं, आणि थडग्यांचे दगड बुळबुळीत. चपटे गुळगुळीत तळवे असलेले बूट इथे घसरतात. नदीवरून येणारा वारा छत्री उलटी करतो, म्हणून टोपीचं जाकीट बरं. शेजारच्या स्मशानात आजही दफनं होतात. अंत्यविधी चालू असेल तर त्या बाजूचा आवाज आणि कॅमेरा बंद.

अ‍ॅथलोनचं जेवण

साडेअकराला निघालं तर बाराला अ‍ॅथलोन. शॅननच्या दोन्ही तीरांवर वसलेलं गाव, पश्चिम तीरावर किल्ला, आणि त्याच्याजवळ इसवी सन ९०० पासूनचा वारसा सांगणारा शॉन्स बार. तिथल्या गल्ल्यांत कोच जात नाही. पाच-सात मिनिटं चालायची तयारी ठेवा.

चाळीस जणांनी एकदम मेनूकार्ड उघडलं की दीड तास गेलाच. दोन दिवस आधी सूप आणि सँडविच, किंवा सूप आणि ब्राउन ब्रेड असं ठरवून कळवलं तर पन्नास मिनिटांत उरकतं. शाकाहारींनी सूप कशात शिजवलंय ते विचारावं. बटाटा-लीकचं सूप दिसायला शाकाहारी असतं, पण पाणी बरेचदा कोंबडीच्या हाडांचं असतं. ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून न थांबता ‘स्टॉक भाज्यांचा आहे का’ असं स्पष्ट विचारा. नाश्त्याच्या ताटातलं ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं असतं आणि व्हाइट पुडिंगमध्येही मांस असतं, हे नावावरून कळत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय अशा गावात अवघड. त्यांनी उकडलेला किंवा भाजलेला बटाटा, लोणी, चीज आणि ब्रेड असं आधी सांगून ठेवावं.

ब्राउन ब्रेड जरूर खा. तो यीस्टने फुगवत नाहीत, ताक आणि खायच्या सोड्याने फुगवतात. आयर्लंडच्या ओल्या हवेतल्या गव्हात चिकटपणा कमी, त्यात यीस्टची पाव-जाळी नीट धरत नाही. सोड्याला ती लागत नाही. दाणेदार, थोडा चुरचुरीत, खारट लोण्याबरोबर तो फार चांगला लागतो.

नियमाने साडेचार तास गाडी चालवल्यावर ड्रायव्हरला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. जेवणाचा थांबा तेवढा असला की हिशोब आपोआप बसतो. म्हणून ड्रायव्हरला या वेळेत ‘जरा गाडी पुढे आणता का’ असं सांगू नये. चाक हललं की विश्रांती मोडते.

मोटरवेवरचे दीड तास

एक वाजता अ‍ॅथलोन सोडायचं. किनेगॅडला एम ६ एम ४ ला मिळतो, पुढे पथकर. खिडकीबाहेर फार काही नाही. हाच वेळ कागदपत्रांचा.

दुकानांतल्या कराच्या परताव्याची कागदं इथे भरून घ्या. आयर्लंडमध्ये बहुतेक वस्तूंवर २३ टक्के व्हॅट असतो. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना तो काही अंशी परत मिळतो, पण खरेदी ७५ युरोंहून जास्तीची हवी आणि दुकानातून फॉर्म किंवा कार्ड घेतलेलं हवं. हॉटेल आणि जेवणाच्या बिलांवर काही मिळत नाही. अरान बेटांचे लोकरी स्वेटर, क्लाडा अंगठ्या अशा महागड्या वस्तू हातसामानात वेगळ्या ठेवा. विमानतळावर कस्टमने पाहायला मागितल्या आणि बॅग आधीच पट्ट्यावर गेली असेल, तर परतावा बुडतो.

ड्रायव्हर आणि स्थानिक मार्गदर्शकाची बक्षिसीची पाकिटंही इथेच तयार करावीत. रक्कम सहलीच्या कागदांत लिहिलेली असते. हातात नाणी नसतील तर अ‍ॅथलोनला मोड करून घ्या. निरोपाचे शब्द बस डब्लिनच्या गर्दीत शिरण्याआधी बोला, तिथे ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर असायला हवं.

डब्लिन: किल्डेअर स्ट्रीट

तीनच्या आत नासाउ स्ट्रीट किंवा मेरियन स्क्वेअरच्या बाजूला उतरायचं, कारण चारनंतर लिफी नदीच्या दोन्ही धक्क्यांवर वाहतूक जवळजवळ थांबते. बहुतेक सहली इथून दारूच्या कारखान्याकडे किंवा खरेदीला वळतात. तो मोह टाळून किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जावं. प्रवेश मोफत आहे. मंगळवार ते शनिवार दहा ते पाच, रविवारी आणि सोमवारी दुपारी एक ते पाच. सकाळी पाहिलेल्या दगडांची उरलेली गोष्ट इथे आहे. क्लॉनमॅकनॉइजच्या मठाधिपतींची अकराव्या शतकातली धातूने मढवलेली दंडकाठी इथेच ठेवली आहे. तिच्यावरची गुंफलेल्या प्राण्यांची नक्षी पाहिली की १५५२ मध्ये काय गेलं त्याचा अंदाज येतो.

त्यानंतर बॉगमध्ये सापडलेल्या माणसांचं दालन. ओल्ड क्रोहन इथला आणि क्लोनिकॅव्हन इथला असे दोन देह २००३ मध्ये चर खणताना आणि पीट काढताना मिळाले. दोघेही दोन हजार वर्षांहून जुने. ओल्ड क्रोहन ऑफली परगण्यातलं, म्हणजे क्लॉनमॅकनॉइज ज्या परगण्यात आहे तिथलंच. तिथल्या माणसाचं फक्त धड आणि हात उरले आहेत, पण नखं अशी स्वच्छ की कालची वाटावीत. दंडांत भोकं पाडून हेझेलच्या डहाळ्या ओवलेल्या. क्लोनिकॅव्हनच्या माणसाच्या केसांत वनस्पती तेल आणि पाइनच्या राळेचं मिश्रण आहे. ती राळ फ्रान्सच्या नैऋत्येकडून किंवा स्पेनमधून आलेली. देह टिकले कारण बॉगमध्ये प्राणवायू जवळजवळ नसतो, पाणी आम्ल असतं आणि शेवाळातले घटक कातडी कमावल्यासारखी टिकवतात. तेच आम्ल हाडांतला चुना मात्र विरघळवतं. दालनात उजेड मंद आहे आणि ही माणसं आहेत, हे लहान मुलांना आधी सांगून आत न्यावं. ज्यांना नको असेल त्यांनी सोन्याचे दागिने आणि आर्डाचा चषक पाहावा.

संग्रहालयाला लागूनच लेन्स्टर हाउस, आयर्लंडचं संसदभवन. फाटकाबाहेरून पाहता येतं. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबायला हरकत नाही. २०१७ ते २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान असलेले लिओ वराडकर यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. वडील मुंबईहून आलेले डॉक्टर. पंतप्रधान असताना २०१९ च्या अखेरीस ते वराडला जाऊन आले.

पाचला संग्रहालय बंद झाल्यावर पाय चालत असतील तर वीस मिनिटांवर ओ’कॉनेल स्ट्रीटचं मुख्य टपाल कार्यालय. २४ एप्रिल १९१६ ला, ईस्टरच्या सोमवारी, याच खांबांसमोर आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला. खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून बोटांना लागतात. त्याच एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ हा शब्द आणि त्यामागची सनदशीर मागणी आयर्लंडमधूनच आली होती, आणि इथे मात्र त्याच महिन्यात ती वाट सोडून बंदुका निघाल्या होत्या.

रात्र आणि विमानतळ

निरोपाच्या जेवणाला बसनेच जायचं असेल तर एक हिशोब करा. ड्रायव्हरने सकाळी सातला बॅगा लावायला घेतल्या असतील आणि ११ तासांची विश्रांती हवी असेल, तर त्याचा दिवस रात्री आठला संपतो. साडेआठपर्यंत रंगणारं जेवण ठरवलं तर परतीची सोय टॅक्सीने करावी लागते. हॉटेलपासून चालत जाता येईल अशी जागा सर्वांत बरी.

डब्लिन विमानतळावर दोन टर्मिनल आहेत. एमिरेट्सची विमानं दुसऱ्यावरून सुटतात, बाकीच्यांनी तिकीट पाहून बसमध्येच हात वर करावा, म्हणजे थांबे ठरतात. लांबच्या विमानासाठी तीन तास आधी पोचा. शहराच्या पूर्व भागातून जाताना बंदराचा साडेचार किलोमीटरचा बोगदा वापरावा. २५ हून जास्त आसनांच्या बसला तिथे पथकर नाही आणि सकाळची गर्दी चुकते. ज्यांचं टर्मिनल आधी, त्यांच्या बॅगा शेवटी चढवायच्या.

बॅग बांधण्याआधी क्लॉनमॅकनॉइजचे बूट धुऊन घ्या. तळव्याच्या खाचांतली काळी माती टोकदार काडीने काढा, ब्रश फिरवा, रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे आत भरून सुकू द्या. परवानगीशिवाय माती भारतात आणायला बंदी आहे. मूठभर का होईना, ती आयर्लंडमध्येच ठेवायची.